मूळपुरुषाचा शोध
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्यांपैकी अनेकांनी हे दृश्य पाहिलं असेल. एका कोपऱ्यात चार-सहा माणसं उभी असतात. हात पाण्यातून फिरवावेत तसे संथ फिरत असतात. गुडघे किंचित वाकलेले, चेहरा शांत. ही ताई ची. बहुतेकांना वाटतं, हा वयस्कर मंडळींसाठीचा एक सौम्य व्यायाम आहे. पण तिचं पूर्ण नाव आहे ताई-ची-च्युआन, आणि च्युआन म्हणजे मूठ. म्हणजे ही मुळात लढण्याची विद्या आहे. आज मी बोलणार आहे ते तिच्या घराण्याबद्दल. घराणं हा आपला गाण्यातला शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. कारण इथेही विद्या बापाकडून मुलाकडे आणि गुरूकडून शिष्याकडे गेली. आणि इथेही मूळपुरुष कोण, यावरून मोठे वाद झाले.

मी ही विद्या हौसेनं थोडीफार शिकलो. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी एक गोष्ट सांगितली. वुदांग नावाच्या डोंगरावर चांग सानफंग नावाचा ताओपंथी साधू राहत होता. एकदा त्यानं पक्षी आणि साप यांची झुंज पाहिली. पक्षी चोच मारी, साप अंग वळवून वार चुकवी. त्यावरून साधूला ही विद्या सुचली. गोष्ट मला फार आवडली. पुढे कितीतरी दिवस मी ती इतरांना सांगत होतो. मग कुतूहल म्हणून वाचू लागलो, आणि गोष्ट हातातून निसटू लागली.

हा चांग सानफंग नेमका कधी झाला, हेच ठरत नाही. त्याचं नाव मुष्टियुद्धाशी जोडणारा महत्त्वाचा जुना लेख आहे तो १६६९ सालचा. ह्वांग चोंगशी या विद्वानानं एका योद्ध्याच्या समाधीसाठी तो लिहिला. त्यात ताई-ची-च्युआनचा उल्लेखसुद्धा नाही. साधूचं नाव या विद्येला चिकटलं ते त्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी.

आपल्याकडे अशीच एक दुसरी गोष्ट लाडकी आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्मानं शाओलिनच्या भिक्षूंना युद्धकला शिकवली, ही ती गोष्ट. ऐकताना छाती फुगते. पण या समजुतीचा मुख्य आधार असलेला व्यायामग्रंथ १६२४ च्या सुमाराचा आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर जवळजवळ अकराशे वर्षांनी लिहिलेला. त्याला जोडलेली जुन्या सेनापतींच्या नावाची प्रस्तावना बनावट आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. शाओलिन मठात ७२८ सालचा एक शिलालेख आहे. भिक्षूंनी ६२१ साली थांग राजघराण्याला लढाईत मदत केली, हे त्यातून कळतं. त्या लढाईचं श्रेय मात्र तिथे बोधिधर्माच्या शिकवणीला दिलेलं नाही. मठ भारतीय भिक्षूसाठी उभारला गेला, हे मात्र खरं; पण तो भिक्षू बोधिधर्म नव्हे. तेव्हा अभिमान बाळगायचाच, तर एवढ्या गोष्टीचा बाळगावा.

मग ताई ची आली कुठून? कागदपत्रांच्या वाटेनं मागे गेलं की आपण हनान प्रांतात पोचतो. पीत नदीच्या उत्तरेला वनश्यान तालुक्यात चेन जियागोऊ नावाचं गाव आहे. नावाचा अर्थ साधारण ‘चेन कुटुंबाची घळ’. या कुळाच्या नवव्या पिढीत चेन वांगतिंग नावाचा माणूस होऊन गेला. तो लष्करी पेशातला होता. १६४४ साली मिंग राजवट बुडाली, आणि उतारवयात त्यानं गावी राहून मुष्टियुद्धाची आपली पद्धत बसवली, असं मानलं जातं. ती अगदी कोरी नव्हती. मिंग सेनापती छी जिग्वांग यानं सैनिकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात मुष्टियुद्धाचे बत्तीस पवित्रे आहेत. त्यांतली बरीच नावं चेन कुळाच्या विद्येत जशीच्या तशी सापडतात. म्हणजे डोंगरावरच्या साधूपेक्षा छावणीतल्या शिपायाशी हिचं नातं जवळचं आहे.

पुढची पाच पिढ्या विद्या गावात राहिली. चौदाव्या पिढीत चेन चांगशिंग झाला. जन्म १७७१, मृत्यू १८५३. तो इतका ताठ उभा राहायचा की, लोक त्याला पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाटीची उपमा देत. त्याच्याकडे बाहेरचा एक माणूस आला. हपै प्रांतातल्या योंगन्यानचा यांग लूचान, जन्म १७९९, घरचा गरीब. गावातल्या एका श्रीमंत चेनच्या घरी तो नोकरीला होता. रात्री भिंतीआडून चोरून पाहत तो शिकला, पकडला गेला, आणि त्याची तयारी पाहून गुरूनं त्याला शिष्य केलं, असं सांगतात. भिंतीआडचा भाग दंतकथा असेल. पण परक्या आडनावाच्या गरीब माणसाला कुळाची विद्या मिळाली, ही गोष्ट खरी. सारा पुढचा इतिहास या एका शिष्यावर उभा आहे.

यांग लूचान पुढे बीजिंगला गेला. तिथे मांचू सरदारांच्या वाड्यांत शिकवू लागला. त्याला कोणी हरवू शकलं नाही म्हणून ‘अजिंक्य यांग’ असं नाव पडलं. त्याच्या मुलांनी विद्या चालवली. नातू यांग चंगफू (१८८३ ते १९३६) यानं ती संथ, मोठ्या हालचालींची आणि कोणालाही जमेल अशी केली. आज बागेत आपण पाहतो ती बहुतांशी या यांग घराण्याची ताई ची. यांगच्या मुलाचा एक मांचू शिष्य होता, त्याच्यापासून वू घराणं निघालं.

योंगन्यानचाच वू युश्यांग नावाचा एक सुशिक्षित गृहस्थ होता. त्याचं घराणं वेगळं. चिनी लिपीत हे दोन ‘वू’ निराळे लिहितात. तो आधी यांगकडे शिकला, मग चेन जियागोऊजवळच्या एका गावी जाऊन तिथल्या चेनकडे शिकला. त्याच्या भावाला एका मिठाच्या दुकानात या विद्येवरचं जुनं हस्तलिखित सापडलं, असं हे कुटुंब सांगे. ते खरंच सापडलं की घरातच लिहिलं गेलं, याची शंका काही अभ्यासक घेतात. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या भाच्याबद्दल. ली यियू त्याचं नाव. त्यानं आधी उत्पत्तीचं श्रेय चांग सानफंगला दिलं होतं. पुढे १८८१ च्या सुमारास आपल्या नातेवाइकांसाठी आणि शिष्यासाठी त्यानं हस्तलिखिताच्या प्रती केल्या, तेव्हा त्यानं साधूचं नाव काढून टाकलं. ही विद्या कोणी सुरू केली ते माहीत नाही, असं त्यानं सरळ लिहिलं. श्रोतेहो, आपल्या गुरुपरंपरेच्या आरंभी ‘माहीत नाही’ असं लिहायला किती धैर्य लागतं, याचा विचार करा.

याच ली यियूच्या शिष्याकडून, हाओ वेइझनकडून, सुन लूतांग शिकला. हाओ बीजिंगला आला असताना आजारी पडला. सुननं ओळखदेख नसताना त्याची सेवा केली. हाओनं उतराई म्हणून विद्या दिली. सुन घराणं त्यातून जन्मलं.

विसाव्या शतकात तांग हाओ नावाच्या वकिलानं या सगळ्या कथा पुराव्याच्या कसोटीवर घासल्या. १९३० साली त्याचं शाओलिन आणि वुदांगवरचं पुस्तक आलं, आणि दोन्ही मूळपुरुषांचे आसन डळमळले. परंपरेचा अभिमान बाळगणारे अनेक जण रागावले. तांग हाओ चेन जियागोऊलाही गेला. तिथल्या वंशावळीत त्याला चेन वांगतिंगचं नाव मिळालं. त्या नोंदीवरही पुढे वाद झाले, आजही होतात. पण दंतकथेऐवजी कागद मागायची सवय त्यानं लावली.

आणि खुद्द गावाचं काय? १९२८ साली चेन झाओपेई आणि पाठोपाठ चेन फाके बीजिंगला आले. त्यांच्या उड्या, जोरात आपटलेले पाय आणि अचानक सुटणारा जोर पाहून लोक चकित झाले. ही ताई ची आहे, हेच अनेकांना पटेना! मूळ घराला शाखेच्या मापानं मोजलं जात होतं. पुढे १९५८ साली झाओपेई गावी परतले, तेव्हा शिकणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी तरुण पोरं गोळा केली. सांस्कृतिक क्रांतीत, १९६६ नंतर, त्यांची जाहीर मानहानी झाली. तरीही ते शिकवत राहिले. १९७२ साली ते वारले. त्यांच्या हाताखालचे चार विद्यार्थी पुढे गावाचे आधारस्तंभ ठरले. त्या चौघांपैकी दोघांची आडनावं चेन नाहीत. एक जू आहे, एक वांग आहे. ज्या गावात परक्याला शिकवणं हीच एकेकाळी नवलाची गोष्ट होती, त्या गावाची विद्या परक्यांनीही तोलून धरली.

त्याआधी १९५६ साली चीन सरकारनं यांग पद्धतीवरून चोवीस हालचालींचा सोपा संच तयार करवला, आणि लाखो लोक तो करू लागले. २०२० साली युनेस्कोनं ताई ची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

मी आता वर्गात नवीन आलेल्यांना साधूची गोष्ट सांगतो, पण गोष्ट म्हणूनच सांगतो. त्यानंतर यांग लूचानचं नाव घेतो, चेन झाओपेईंचं घेतो. साधू असो वा नसो, ही माणसं होती. एकानं दुसऱ्याच्या दारात उभं राहून शिकण्याची लाज बाळगली नाही, दुसऱ्यानं वाईट दिवसांतही शिकवणं सोडलं नाही. एवढी परंपरा मला पुरते.