तुम्हाला कळतंय, हे मला माहीत आहे

आज झगे सावरत बसलेल्या मुलामुलींनो,

वाचोपचार शिकताना 'अफेझिया' हा शब्द तुम्ही शेकडो वेळा लिहिला असेल. मराठीत वाचाघात. घरची माणसं मात्र "वाचा गेली" म्हणतात, आणि वाचेबरोबर अक्कलही गेली असं शेजारीपाजारी धरून चालतात. भेटायला आलेला पाहुणा पेशंटच्या देखत त्याच्या बायकोला विचारतो, "यांना कळतं का हो काही?" बहुतेकदा त्यांना कळत असतं. हा प्रश्नही कळलेला असतो.

मी नवी होते तेव्हा एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे आले. पक्षाघाताचा झटका, उजवा हात लुळा, आणि तोंडात एकच शब्द उरलेला: "चला." राग आला तरी चला, चहा हवा तरी चला. मी शिकले होते त्याप्रमाणे चित्रांची कार्डं मांडली. हे काय? चमचा. म्हणा, च... तीन आठवडे असे गेले. एके दिवशी काकांनी डाव्या हाताने सगळी कार्डं टेबलाखाली लोटली. गच्च भरलेल्या गाडीत सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसाकडून मी चमचा वदवून घेत होते.

काय करावं सुचेना, म्हणून कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बार्शी, तुळजापूर, पंढरपूर. विचारलं, "तुमची गाडी कुठली?" त्यांनी तुळजापूरवर बोट ठेवलं. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन टेबलाच्या कडेवर टकटक वाजवली, कंडक्टर तिकिटाचा पंच दांडीवर वाजवायचे तशी. मग एक वाकडीतिकडी रेघ ओढली: घाट. रेघेवर पेन्सिल आडवी ठेवली, खोडरबर उचलून तिच्या मागे टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चाकाला दगड लावला?" काका हसले. "चला!" गाडी घाटात बंद पडली होती. ती गोष्ट पाऊण तास चालली. तीन आठवडे जे अडलं होतं, ते माझ्याकडून अडलं होतं.

या प्रकाराला शास्त्र आहे, हे मी पुढे वाचलं. टोरांटोत पॅट अराटो नावाच्या बाईंनी, नवऱ्याला वाचाघात झाल्यावर, 1979 साली एक केंद्र काढलं. आजची तिथली अफेझिया इन्स्टिट्यूट ती हीच. तिथे ऑरा केगन यांनी बसवलेल्या पद्धतीत तालीम समोरच्या माणसाची होते. मुद्द्याचे शब्द लिहून दाखवायचे, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारायचं, चित्र काढायचं, समजलं ते परत बोलून ताडून घ्यायचं. आणि उघड म्हणायचं, "तुम्हाला कळतंय, हे मला माहीत आहे." हे शेवटचं वाक्य औषधाच्या चिठ्ठीवर छापावं, असं माझं मत आहे.

आता गाण्याबद्दल, कारण ते तुम्हाला हमखास विचारलं जाईल. आमचे काका गुरुवारच्या भजनात अख्खा अभंग शब्द न चुकता म्हणत. घरचे हरखले, "आता बोलायलाही लागतील." सूर लावून वाक्यं म्हणवून घेण्याचा उपचार 1973 पासून आहे आणि काहींना तो उपयोगी पडतो. काकांना पडला नाही. भजन संपलं की पुन्हा "चला." हे घरच्यांना स्पष्ट सांगा, खोटी आशा विकू नका. पण म्हणून भजन बंद करू नका. मंडळाने त्यांच्या डाव्या हातात चिपळ्या दिल्या आणि आठवड्यातून दोन तास ते कुणाचे पेशंट नव्हते.

स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांची वाचा 1990 मध्ये पक्षाघाताने जवळजवळ गेली, उजवा हातही गेला. ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले. संगीतकारांनी त्यांच्यासाठी एका हाताच्या रचना लिहिल्या. कविताही थांबली नाही, फक्त आखूड झाली. 2011 चं नोबेल त्यांना मिळालं. नोबेल सोडून द्या, ते सगळ्यांना कुठून मिळणार? मला हेवा वाटतो तो एका हातासाठी सूर लिहून देणाऱ्या मित्रांचा.

तशी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. भजनी मंडळं आहेत, कट्टे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्याला वाचाघात होतो. म्हणजे असा माणूस प्रत्येक कट्ट्यावर कधी ना कधी होता आणि एक दिवस यायचा बंद झाला. ओपीडीतल्या अर्ध्या तासात तो परत येणार नाही. तुम्हाला कट्ट्यावर जाऊन बाकीच्यांना शिकवावं लागेल: मध्येच त्याचं वाक्य पुरं करू नका, मोठ्याने ओरडू नका, तो बहिरा नाही, आणि जरा थांबा.

या सभागृहामागची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते, असं मघाशी चहा घेताना कुलसचिव म्हणाले. तिथे असा एक कट्टा भरवायला कागद, जाड पेन आणि एक पेटी एवढंच सामान लागेल. आज जायच्या आधी त्यांच्याकडून किल्ली मागून घ्या.