धावलो तर बाद

(हीरकमहोत्सवी क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनाला मुख्याध्यापिकेने आरोग्य, शिस्त आणि सांघिक भावना यांवर चार शब्द बोलावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. आजवर मी तो निमूटपणे पाळला. आज मात्र मला एका चुकीविषयी बोलावयाचे आहे. ती माझी स्वतःची आहे आणि याच मैदानावर घडलेली आहे. तिच्यापाशी पोहोचण्यासाठी तुम्हांला थोडा वेळ माझ्या माहेरी, झाशीला, न्यावे लागेल.

झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. वडील रेल्वेत. ज्या गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला असे सांगतात, तेथे आई चतुर्थीला जाई; आणि शहरात कोठेही जावयाचे असले तरी वाटेत इलाइट चौराहा लागेच. ‘इलाइट’ म्हणजे निवडक, श्रेष्ठ, हे मला फार उशिरा, इंग्रजी शिकताना कळले. त्या चौकात निवडक असे काही नाही. रिक्षा, हातगाड्या, स्टेशनकडे धावणारी माणसे आणि कोणीही न ऐकणारे भोंगे, एवढेच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी पहाटेच्या गाडीने उतरले आणि त्या चौकात चहासाठी थांबले. रस्ता जवळजवळ मोकळा होता. इतक्यात एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा झपाझप चालत आला. कंबर डावी-उजवीकडे हेलकावत होती, कोपरे काटकोनात वाकलेली, मान मात्र स्थिर. तो चौकाला वळसा घालून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. टपरीवर हशा पिकला. एका वृद्ध गृहस्थांनी हाक मारली, “अरे, दौड़ क्यों नहीं लेता?” मुलगा न थांबता म्हणाला, “दौड़े तो बाहर, चाचा!”

धावलो तर बाद. सगळे हसले, मला मात्र हसू आले नाही. तसेच चालणारी एक मुलगी मी पूर्वी पाहिली होती.

तिच्याविषयी सांगण्यापूर्वी या खेळाविषयी सांगते, कारण मला स्वतःला त्याची ओळख त्या सकाळनंतरच झाली. चालण्याच्या शर्यतीचे नियम मुळात दोन. एक, कोणते ना कोणते पाऊल सतत जमिनीला टेकलेले असावे; दोन्ही पाय एकाच वेळी उचललेले डोळ्यांना दिसता कामा नयेत. दुसरा नियम अधिक कठीण. पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्या क्षणापासून शरीर त्याच्यावर उभे येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. धावताना गुडघा वाकतो आणि हिसका झेलतो. येथे ती सवलत नाही. मग पाऊल लांब पडावे, वेग वाढावा आणि डोके खाली-वर होऊ नये, म्हणून सारे काम कंबरेला करावे लागते. आपण ज्याला हसतो तो हेलकावा म्हणजे नखरा नव्हे. नियम पाळण्यासाठी शरीराने शोधलेली ती वाट आहे.

वाटेवर पंच उभे असतात. त्यांच्या हातात कोणतेही यंत्र नसते. संथगतीच्या चित्रणात मोठमोठ्यांचीही पावले क्षणभर अधांतरी दिसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही निवाडा माणसाच्या नजरेचाच. शंका आली तर पंच पिवळी चकती दाखवून इशारा देतो आणि दोष स्पष्ट दिसला तर लाल पत्र पाठवतो. निरनिराळ्या पंचांची तीन लाल पत्रे झाली की वीस किलोमीटरच्या शर्यतीत दोन मिनिटे बाजूच्या कक्षात थांबावे लागते आणि चौथ्या पत्राला खेळ संपतो. मागचे पुढे निघून जात असताना कक्षात थांबून राहण्याची ती दोन मिनिटे, पालकहो, मला परीक्षेच्या कोणत्याही निकालाहून कठोर वाटतात.

या खेळातील खऱ्या अर्थाने ‘इलाइट’ मंडळींसाठी जागतिक महासंघाने २००३ पासून वर्षभर चालणारी स्पर्धामालिका सुरू केली. २०२२ पासून तिला ‘रेस वॉकिंग टूर’ म्हणतात आणि तिच्यातील स्पर्धांना सुवर्ण, रौप्य, कांस्य असे दर्जे आहेत. मला नवल वाटले ते तिच्या गावांचे. पोर्तुगालमधील रिओ मायोर, स्लोव्हाकियातील दुदिन्त्से, जपानमधील नोमी. दुदिन्त्से हे तर झऱ्यांच्या पाण्यासाठी ओळखले जाणारे चिमुकले गाव. तेथे १९८२ पासून ही शर्यत भरते. भव्य क्रीडागार लागत नाही. एक-दोन किलोमीटरचा रस्ता वाहनांना बंद करायचा आणि त्यावर फेऱ्या घालायच्या. प्रेक्षक आपापल्या दारात उभे राहतात आणि जगातील श्रेष्ठ खेळाडू त्यांच्यासमोरून पुन्हा पुन्हा जातात. १५ मार्च २०१५ रोजी नोमी येथे युसुके सुझुकी याने वीस किलोमीटर १ तास १६ मिनिटे ३६ सेकंदांत चालून जागतिक विक्रम केला. एका किलोमीटरला चार मिनिटांहूनही कमी. आपल्यापैकी बहुतेकांना तेवढे धावताही येणार नाही. आणि नोमी हे त्याचे स्वतःचे गाव. तो विक्रम जवळजवळ दहा वर्षे टिकला; २०२५ मध्ये कोबे येथे त्याच्याच देशाच्या तोशिकाझु यामानिशीने तो मोडला.

आपली माणसेही या वाटेवर आहेत. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत हाकम सिंग आणि १९८२ ला दिल्लीत चांद राम यांनी वीस किलोमीटर चालण्यात सुवर्णपदके मिळवली. पुढे उत्तर प्रदेशाच्याच प्रियांका गोस्वामीने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर चालण्यात रौप्यपदक जिंकले. मला सर्वांत जवळचा वाटतो तो मात्र राम बाबू. सोनभद्र जिल्ह्यातील मजुराचा हा मुलगा. त्याने वाराणसीत वेटरचे काम केले आणि टाळेबंदीच्या काळात वडिलांबरोबर रोजगार हमीची खोदाईही केली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मंजू राणीच्या साथीने त्याने ३५ किलोमीटरच्या मिश्र सांघिक शर्यतीत कांस्यपदक मिळवले. मार्च २०२४ मध्ये तो त्या चिमुकल्या दुदिन्त्सेला गेला आणि वीस किलोमीटर बरोबर १ तास २० मिनिटांत चालला. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता होती १ तास २० मिनिटे १० सेकंद. म्हणजे दहा सेकंद राखून तो पात्र ठरला. आणि तरीही गेला नाही. एका देशाचे तीनच खेळाडू घेतात. अक्षदीप सिंग, विकास सिंग आणि परमजीत बिश्त हे तिघे गेले. सारे नियम पाळले, वेळही गाठली, तरी जागा मिळाली नाही, असे आयुष्यात होते. पण त्याला जागा नाकारली ती आकड्यांनी. मी जिला नाकारली तिच्या बाबतीत तसे काही कारण नव्हते.

ती नववीत होती आणि मी या शाळेत नवी शिक्षिका होते. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत मुलींसाठी तीन किलोमीटर चालण्याची शर्यत होती. कोठून तरी शिकून ती रोज शाळा सुटल्यावर या मैदानाला फेऱ्या घालू लागली. भिंतीवर बसलेली मुले तिची नक्कल करीत. शिक्षक-कक्षाच्या खिडकीतूनही हसू ऐकू येई. त्यात माझे नव्हते असे मी म्हणणार नाही. एके दिवशी मी तिला बोलावले आणि अगदी मायेने सांगितले, “बाळ, तू धावण्यात नाव दे. हे बरे दिसत नाही.” मुलांना भिंतीवरून उतरवणे मला शक्य होते. मी मुलीला मैदानावरून उतरवले. ती धावण्यातही आली नाही. पुढे तिने खेळच सोडला.

आपण वारीच्या प्रांतातली माणसे. आपल्याला चालण्याचे हसू यावे, हेही नवलच.

झाशीहून परतल्यावर मी तिचा पत्ता शोधला. आज ती एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मी क्षमा मागितली तेव्हा ती म्हणाली, “बाई, तुम्ही रागावला असतात तर मी हट्टाने चालले असते. तुम्ही प्रेमाने सांगितलेत, म्हणून थांबले.” या वाक्यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.

तर, उद्या सकाळी साडेसहा वाजता शाळेसमोरच्या रस्त्यावर मुलामुलींची चालण्याची शर्यत आहे. नगरपालिकेने एक तास वाहने बंद ठेवण्याची परवानगी दिली आहे. कृपया आपल्या गाड्या मागच्या गल्लीत लावाव्यात. पिवळी चकती घेऊन वळणावर उभे राहण्याचे तिने मान्य केले आहे. ती या क्षणी सभागृहात बसली आहे. तिचे नाव घ्यायचे नाही, असा तिचा आग्रह. दुसरी अट अशी की पहिली फेरी मी चालायची. पंचांना गुडघा दिसला पाहिजे, तेव्हा पाचवारी चालणार नाही, असेही तिने बजावले आहे. आईची नऊवारी मी काल कपाटातून काढून ठेवली आहे.