वार्धक्यातील फुरसत आणि स्वास्थ्य



सरकारी नोकराच्या आयुष्यात निवृत्तीची तारीख ठरलेली असते. पांढुर्णा-सौसर भागातील शेतकऱ्याच्या आयुष्यात ती नसते. त्याचे काम एकदम सुटत नाही, हळूहळू हातातून निसटते. प्रथम नांगर सुटतो, मग बाजाराचा व्यवहार मुलाकडे जातो आणि अखेरीस संत्र्याच्या बागेला ताण केव्हा द्यावा, पाणी केव्हा सोडावे, हेही त्याला कोणी विचारीत नाही. लोक म्हणतात, "म्हाताऱ्याला आता आराम आहे." परंतु आराम असणे आणि विचारणारे कोणी नसणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

वृद्धांची फुरसत हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला, तो याच भेदामुळे. १९६१ साली एलेन कमिंग व विल्यम हेन्री या अभ्यासकांनी असे मत मांडले की, वृद्ध व समाज यांनी परस्परांपासून दूर होत जाणे स्वाभाविकच आहे. या मतावर पुष्कळ वाद झाला. रॉबर्ट ॲचली यांनी १९८९ साली निराळा सिद्धांत मांडला: माणूस आपल्या जुन्या आवडी, सवयी व संबंध यांचा धागा राखून वार्धक्याशी जुळवून घेत असतो. पुढे २००७ साली गॅलिट निमरॉड व डग्लस क्लायबर यांनी त्यात भर घातली. उतारवयात नवी गोष्ट आरंभिल्यानेही जीवनाला अर्थ येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हे दोन्ही विचार या भागास लागू पडतात. ज्याने जन्मभर संत्र्याची कलमे बांधली, त्याने तरुणांना डोळा बांधण्यास शिकविले तर जुना धागा टिकतो. ज्याला लहानपणी शाळा सोडावी लागली, तो साठीनंतर वाचनालयात बसू लागला तर नवा धागा जोडला जातो.

वृद्ध स्त्रीची अडचण याच्या उलट आहे. तिचे काम सुटतच नाही. नातवंडे, निवडण-टिपण, वाळवण यांतून भजनासाठी तासभर मिळतो, तोही घरच्यांच्या सोयीने. तिला विरंगुळा पुरविण्यापूर्वी तो तास तिच्या हक्काचा मानणे अगत्याचे आहे.

२००७ च्या कायद्यान्वये स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाल्याने जिल्ह्याचे कार्यालयही जवळ आले. तथापि निर्वाहखर्चाने पोट भरते. मान कायद्याने मिळत नाही. तो घरातच मिळावयाचा असतो. त्यासाठी निधी लागत नाही. पुढला बहार धरण्यापूर्वी मुलाने बांधावर बसलेल्या वडिलांना एकदा विचारावे, एवढ्यानेही आरंभ होऊ शकेल.