कलेची पदवी आणि तिच्या अटी



ग्रंथालयाच्या शतकपूर्तीनिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत एक पुष्प कलाशिक्षणासाठी राखून ठेवले गेले, यात मोठे औचित्य आहे. वडोदरा हे शहर ग्रंथालयांसाठी जसे ओळखले जाते, तसेच चित्रशिल्पांसाठीही. महाराज सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. त्याआधी वीस वर्षे, १८९० मध्ये, त्यांनीच कलाभवन स्थापन केले होते. वाचणारा डोळा आणि घडवणारा हात या दोहोंची चिंता एकाच राजाने वाहिली. त्या दोहोंची गाठ आजच्या विद्यापीठीय पदवीत कशी पडते आणि कुठे सुटते, याचा विचार आज करावयाचा आहे.

बारावीचे निकाल लागले की अनेक मराठी घरांत एक प्रश्न विचारला जातो : चित्रकलेच्या पदवीला काय लागते? कागदावरचे उत्तर थोडक्यात देता येते. बारावी उत्तीर्ण असावे लागते. शाखा कोणतीही चालते. त्यानंतर प्रवेशपरीक्षा असते आणि ती हाताने द्यावयाची असते. महाराष्ट्रात त्यासाठी राज्यस्तरीय सामाईक परीक्षा आहे. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि कलाविषयक सामान्यज्ञान हे तिचे विषय. शाळेत असतानाच दिलेल्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचा सराव इथे कामी येतो. वडोदऱ्यात विद्याशाखा स्वतःची चाचणी घेते. गोव्यात १९७२ मध्ये स्थापन झालेले कला महाविद्यालय तेथील विद्यापीठाशी संलग्न आहे. पदवीचा काळ सर्वसाधारणपणे चार वर्षांचा. आरंभी पायाभूत शिक्षण, पुढे रंगचित्र, शिल्प, उपयोजित कला, मुद्राचित्रण अशा वाटा.

या परीक्षा बाहेरून दिसतात तितक्या बाळबोध नसतात. वस्तुचित्रासाठी मांडलेला तांब्या, दोन कांदे आणि त्यांच्यामागे सोडलेले घडीचे कापड हा साधा देखावा खरा. पण तांब्याच्या काठाची लंबवर्तुळाकृती नजरेच्या पातळीनुसार किती उघडते, पितळेवरची चमक आणि कांद्याच्या सालीवरची चमक यांत फरक काय, कापडाची सावली वस्तूला टेबलावर बसवते की हवेत तरंगत ठेवते, हे सारे त्यातून तपासले जाते. स्मरणचित्रात तर समोर काहीच नसते. एस. टी. स्थानकावरची गर्दी किंवा गणपतीची मिरवणूक काढावयास सांगितली, की मुलाने आजवर काय पाहिले आणि पाहिलेल्यातले किती साठवले, ते उघडे पडते. डोके खाजवून वेळ निभावता येत नाही. नजर, हात आणि स्मरण यांची ही परीक्षा न्याय्य आहे आणि खेड्यातला मुलगाही तिला बरोबरीने बसू शकतो.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. विद्यार्थ्याला सलग चार परिच्छेद विचारपूर्वक लिहिता येतात काय, हे ही परीक्षा जवळजवळ विचारतच नाही. पदवी मात्र ते विचारते. कलाशिक्षणातील अनेक दुःखांचे मूळ या अंतरात आहे आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आपल्याकडे कलाशिक्षण जुने, पण कलेची पदवी नवी आहे. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले. तेथून पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी बाहेर पडले ते पदविका घेऊन. 'जी. डी. आर्ट' ही अक्षरे नावापुढे लावण्यात मोठा मान होता आणि तो कष्टाने मिळे. इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रकलेचे विद्यालय काढले. तेथील विद्यार्थीही मुंबईच्या परीक्षेला बसत. वडोदऱ्याच्या कलाभवनात धंदेशिक्षण हा पाया होता. दादासाहेब फाळके मुंबईच्या कलाविद्यालयातून याच कलाभवनात आले होते. या सर्व ठिकाणी हाताला उत्तम वळण मिळे. चित्रकार घडत, छायाचित्रकार घडत, शाळांना ड्रॉइंग मास्तर मिळत. मात्र विद्यापीठाच्या पंक्तीत चित्रकाराचे पान मांडलेले नव्हते. इतिहास शिकणारा पदवीधर होई. इतिहास रंगवणारा कारागीर समजला जाई.

ही पंगत मोडली ती वडोदऱ्याने. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता या त्याच्या पहिल्या कुलगुरू. १९५० मध्ये ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा उघडली आणि मार्कंड भट्ट यांनी अधिष्ठाता म्हणून तिची घडी बसवली. रंगचित्र विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आली, शिल्पाची शंखो चौधुरी यांच्याकडे. के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये येऊन मिळाले. बेंद्रे इंदूरचे, देवळालीकरांचे शिष्य; माळव्यातल्या एका मराठी घरातला हा मुलगा गुजरातेतल्या विद्यापीठात रंगचित्रकलेचे अध्यापन उभे करतो, ही महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी समाजाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. १९६६ पर्यंत ते येथे होते. इथून बी. ए. आणि एम. ए. फाइन अशा पदव्या मिळू लागल्या. मुंबईचे कलाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न होऊन पदवीकडे वळले ते १९८१ मध्ये. २०२३ मध्ये त्यालाच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पदविकेची पदवी झाली म्हणजे नेमके काय झाले? केवळ कागद बदलला असता तर त्याचे एवढे कौतुक करण्याचे कारण नव्हते. विद्यापीठाने चित्रकाराला आपल्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडून एक नवी अपेक्षा केली. तू जे करतोस ते तुझ्याआधी कोणी, कोठे, का केले, हे तुला ठाऊक असले पाहिजे. आणि तू जे केलेस त्याविषयी तुला बोलता आले पाहिजे. म्हणून कलेतिहास आणि सौंदर्यविचार हे विषय रंगशाळेच्या शेजारी येऊन बसले. अजिंठ्याची रेषा, मुघल लघुचित्रातली अनेक बाजूंनी एकाच वेळी दिसणारी वास्तू, सेझानचे सफरचंद, नंदलाल बोस यांनी वडोदऱ्याच्याच कीर्तिमंदिरात केलेली भित्तिचित्रे : हे सारे अभ्यासाचे झाले. वर्षाअखेरीस विद्यार्थी आपली कामे भिंतीवर लावतो आणि परीक्षक त्याला प्रश्न विचारतात. हा रंग इथे का, ही आकृती कापली का? 'बरे वाटले म्हणून' हे उत्तर पहिल्या वर्षी चालून जाते, चौथ्या वर्षी चालत नाही.

या अटीचे मोल दोन उदाहरणांवरून कळते. सुब्रमण्यन मुळात मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकत होते. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास घडला, सरकारी महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि १९४४ मध्ये ते शांतिनिकेतनात गेले. पुढे ते थोर चित्रकार झाले आणि कलेविषयी तितक्याच अधिकाराने लिहिणारे लेखकही. दुसरे भूपेन खख्खर. मुंबईचा हा सनदी लेखापाल १९६२ मध्ये वडोदऱ्यात आला तो रंगचित्राच्या वर्गात नव्हे, कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमात. पुढे कित्येक वर्षे हिशेबाचे काम सांभाळून त्याने चित्रे काढली आणि २०१६ मध्ये, त्याच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. वाचनलेखनाने हाताला जडत्व येते असे म्हणणाऱ्यांनी या दोघांकडे पाहावे.

आता मूळ गाठीकडे वळू. प्रवेशाच्या दाराशी हात पाहिला जातो आणि आत गेल्यावर लेखणी मागितली जाते, यात चूक नाही. चूक आहे ती त्या लेखणीच्या भाषेत. कलेतिहासाचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत. व्याख्यानांवर आणि प्रश्नपत्रिकांवर त्यांचीच छाया असते. मराठी वा गुजराती माध्यमातून आलेला, रंगात बुडालेला मुलगा त्या छायेत चाचपडतो. कोणीतरी चार ओळींच्या टिपा देतो, तो त्या पाठ करतो आणि कागदावर ओततो. उत्तीर्ण होतो, पदवी घेतो. पण कलेतिहास त्याला शिवतही नाही. ज्या अटीने चित्रकार विचारी व्हावा, तीच अट त्याला घोकंपट्टी शिकवते. आणि ज्याला घोकणे जमत नाही, तो आपल्यातच काही उणे आहे अशा समजुतीने वर्ग सोडतो. त्याची चित्रे वाईट होती म्हणून तो गेला, असे कोणालाच म्हणता येत नाही.

यावर दोन उपाय सुचवले जातात. पहिला, लेखी विषयच कमी करावेत. तसे केले तर पदवी पुन्हा पदविका होईल आणि १९५० मध्ये मिळवलेले गमवावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात व्याख्यानाच्या दर आठवड्याच्या एका तासाला एक श्रेयांक मिळतो, तर प्रात्यक्षिकाला त्याच श्रेयांकासाठी दोन तास द्यावे लागतात. रंगशाळेतला वेळ असा अर्ध्या मोलाने मोजला जावा काय, याविषयी तक्रार करण्यास जागा आहे. पण त्या तक्रारीचे उत्तर वाचन कमी करणे हे नव्हे. दुसरा उपाय सुचवणारे म्हणतात, कलावंताला पदवी हवीच कशाला? बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार घडले, ते गुरूच्या सहवासात. हे सत्य आहे आणि वंदनीय आहे. परंतु प्रत्येक गावाला असा गुरू लाभत नाही. ज्याला लाभत नाही, त्याच्यासाठी विद्यापीठ आहे; आणि अध्यापनाच्या, संशोधनाच्या वाटा आज पदवीच्याच दारातून जातात.

तेव्हा अट राहू द्यावी आणि तिची भाषा आपलीशी करावी, हाच मार्ग उरतो. कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी शास्त्रीय व धंदेशिक्षण स्वभाषेतून देण्याचा आग्रह याच शहरात धरला होता. रसायन आणि रंगाई स्वभाषेत शिकवता येत असेल, तर रंग आणि रेषा का नाहीत? आपल्या भाषेला कलेचे शब्द नाहीत, असेही नाही. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग ही चित्राची सहा अंगे यशोधराने कामसूत्राच्या टीकेत नोंदवून ठेवली आहेत. 'पोत' हा विणकराच्या मागावरचा शब्द द. ग. गोडसे यांनी कलाविचारात आणला आणि त्या नावाचे पुस्तकच लिहिले. प्रभाकर बरवे यांच्या 'कोरा कॅनव्हास'मध्ये एक अव्वल चित्रकार मराठीतून स्वतःच्या चित्रामागचा विचार उलगडतो. सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड २०१३ मध्ये आला; त्यात मराठी चित्रकार-शिल्पकारांची चरित्रे एकत्र सापडतात. सामग्री आहे, पण ती विद्यार्थ्याच्या हातापर्यंत पोहोचलेली नाही.

इथे ग्रंथालयाचे काम सुरू होते. आजवर ग्रंथालयांनी कादंबरी जपली, नाटक जपले, संतवाङ्मय जपले. चित्रकलेचे पुस्तक मात्र महाग, आकाराने मोठे आणि मागणीने थोडे म्हणून कपाटाच्या तळाशी गेले. शतकपूर्तीच्या वर्षात एक कपाट दृश्यकलेसाठी वेगळे काढावे. त्यात मराठी ग्रंथांबरोबर उत्तम छपाईची इंग्रजी चित्रपुस्तकेही असावीत, कारण चित्र पाहण्यास भाषांतर लागत नाही. कलेच्या विद्यार्थ्यांना अनामत रकमेत सवलत द्यावी आणि ही पुस्तके निदान वाचनकक्षात मनसोक्त हाताळू द्यावीत. महिन्यातून एकदा एकाच चित्रावर मराठीत बोलण्याची बैठक भरवावी. प्रथम विद्यार्थ्याने बोलावे, मग जाणकारांनी. परीक्षकांपुढे उभे राहण्याआधी आपल्या माणसांपुढे, आपल्या भाषेत बोलण्याची सवय झाली, तर तोच मुलगा पुढे इंग्रजीतही अडखळणार नाही. विचार आधी एका भाषेत पक्का व्हावा लागतो. मग तो दुसरीत नेता येतो.

पालकांनाही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मुलाला चित्रकलेच्या पदवीला पाठवताना बारावीचे टक्के आणि नोकरीची हमी एवढेच विचारून थांबू नये. तो रोज चित्र काढतो काय, कोणी न सांगता काढतो काय आणि दुसऱ्यांची चित्रे पाहावयास आवडीने जातो काय, हेही विचारावे. या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्याने कागदावर न लिहिलेल्या अटी आधीच पूर्ण केल्या आहेत. उरलेली अट वाचनाची. आणि तिच्यासाठी या ग्रंथालयाचे दार गेली शंभर वर्षे उघडे आहे. पुढील शतकात त्या दारातून रंगाने माखलेले हातही निःसंकोच आत यावेत, एवढीच अपेक्षा.