गाजर गवताला जागा कोण देतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाच्या दोन-चार सरी पडल्या की रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर, शाळेच्या कुंपणाशी गाजराच्या पाल्यासारखी पानं जमिनीला चिकटून दिसू लागतात. महिन्या-दीड महिन्यात त्या रोपांवर बारीक पांढरी फुलं येतात. कुणी त्याला गाजर गवत म्हणतं, कुणी काँग्रेस गवत, तर कुणी चटकचांदणी. खरं म्हणजे हे गवत नव्हेच. सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातली ही वनस्पती. तिचं मूळ गाव मेक्सिको आणि आसपासचा उष्ण प्रदेश.

आपल्याकडे तिची ठळक नोंद झाली ती १९५६ साली, पुण्यात. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून बी आलं, असं आपण ऐकत आलो आहोत. पण त्याआधीच्याही नोंदी अभ्यासकांना सापडल्या आहेत, तेव्हा सगळा दोष त्या गव्हाच्या माथी मारता येणार नाही. आज देशात असं राज्य शोधून सापडणं कठीण, जिथं ही वनस्पती नाही.

एवढं बळ तिच्यात आलं कुठून? मेक्सिकोत तिची पानं खाणारे किडे आहेत, तिच्यावर पडणारा तांबेरा आहे. इकडे बी आलं, वैरी तिकडेच राहिले. गुरं सहसा तोंड लावत नाहीत. भुकेपोटी खाल्लंच तर दूध कडवट लागतं. एका झाडाला दहा-पंधरा हजार बिया सहज धरतात. ओल मिळाली की ते कोणत्याही महिन्यात उगवतं, मुहूर्त पाहत नाही. कोवळेपणी पानं जमिनीवर पसरून शेजाऱ्याचं ऊन अडवतं, आणि त्याच्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य आजूबाजूच्या रोपांची वाढ दाबतं. प्रवासाची सोय मात्र आपण करतो: ट्रकच्या चाकाचा चिखल, भरावाचा मुरूम, कच्चं शेणखत, कालव्याचं पाणी.

आमच्या शेतावर खुरपणीला एक मावशी येत. एका वर्षी त्यांच्या पापण्या सुजल्या, मान आणि कोपराच्या लवणीतली कातडी जाड, काळपट झाली. डॉक्टरांनी सांगितलं, या गवतापासून लांब राहा. मावशी म्हणाल्या, “राहीन की. पण मग मजुरी कोण देणार?” पुढच्या पावसात त्या जुना फुलशर्ट घालून, तोंडाला पदर गुंडाळून पुन्हा बांधावर हजर होत्या. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. हातमोजे आणून दिले, एवढंच.

१९८३ साली मेक्सिकोतून या गवतावर जगणारे भुंगे बंगळूरला आणले गेले आणि तपासणीनंतर सोडण्यात आले. पावसाळ्यात ते झाडाची चाळण करतात. पण पाऊस सरला की भुंगा जमिनीत जाऊन झोपतो आणि गवत जागंच राहतं!

मला मात्र भुंग्याहून जमिनीकडे पाहावंसं वाटतं. जिथं गवत दाट आहे, टाकळा माजला आहे, तिथं या पाहुण्याला सहज शिरकाव मिळत नाही. त्याला लागते उघडी, उकरलेली माती. रस्ता रुंद केला, प्लॉट पाडून तसेच ठेवले, गायरान चरून बोडकं केलं, की त्याचं आसन तयार. म्हणून नुसतं उपटून भागत नाही. उपटलेल्या जागी दुसरं काही उगवायला हवं. टाकळ्याचं म्हणजे तरोट्याचं बी फेकून पाहा, पदरचं काही जात नाही.

आणि उपटायचं ते फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट, हात झाकून. आमच्या सोसायटीनं एकदा मोठ्या हौसेनं मोहीम काढली, पण गणपती झाल्यावर. झाडं पांढरी झालेली. उपटून ढीग रचला तो ओढ्याच्या काठी. फोटो निघाले, चहा झाला. पुढच्या जूनमध्ये ओढ्याचे दोन्ही काठ, पार खालच्या पुलापर्यंत, हिरवेगार होते.