जिन्याखालचे पोर



चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "हॅरी पॉटरचे चित्रपट" असे उत्तर दिले, आणि ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्यांची अपेक्षा ऊसतोडीच्या दराची असावी. पन्नाशी ओलांडलेला युनियनचा माणूस, शाळा चौथीत सुटलेली, पुढचे वाचन सारे रद्दीतून आणि ग्रंथालयातून झालेले. तो विलायती जादूगार पोरांवर काय बोलणार? शंका रास्त आहे. हे चित्रपट आम्ही हौसेने पाहिलेलेच नाहीत. ते आमच्यापुढे आले.

ते असे. २०१७ सालच्या मार्गशीर्षात आम्ही आपल्या जिल्ह्यातल्या एका हंगामी वसतिगृहात मुक्कामाला होतो. दिवाळी झाली की टोळ्या उसाला जातात आणि मागे राहिलेल्या मुलांची सोय अशा ठिकाणी करतात, हे तलवाड्याच्या मंडळींना आम्ही सांगायला नको. रात्री थंडी फार होती. तिथल्या तरुण शिक्षकाने भिंतीवर सिनेमा लावला. हिंदीत बोलणारा हॅरी पॉटर! पन्नासएक पोरे गोधड्या पांघरून भिंतीपुढे बसली. आम्ही कोपऱ्यात झोपावयाचे ठरवले होते. झोप काही लागली नाही.

ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जे. के. रोलिंग या बाईंनी १९९७ ते २००७ या काळात सात कादंबऱ्या लिहिल्या. पहिली लिहिताना त्या एडिंबरा शहरात लहान मुलीला घेऊन सरकारी मदतीवर दिवस काढीत होत्या. त्यांवरून २००१ ते २०११ या दहा वर्षांत आठ चित्रपट निघाले. लंडनजवळ लीव्ह्जडेन येथे विमानांचा आणि पुढे विमानांच्या इंजिनांचा एक कारखाना होता; तो बंद पडल्यावर त्याच्याच शेडमध्ये जादूची शाळा उभी राहिली. आमच्यासारख्या माणसाचे लक्ष अशा गोष्टीकडे आधी जाते, त्याला इलाज नाही. मुंबईत गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्या जागी काय उभे राहिले ते आपण पाहिलेच आहे. असो.

पहिल्या कथेचे मराठी भाषांतर 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने मिळते. परीस म्हटल्याबरोबर आपल्याला नामदेवांची गोष्ट आठवते. परिसा भागवताचा परीस त्यांनी चंद्रभागेत टाकला होता. इथेही शेवटी म्हातारा गुरुजी परीस नष्ट करून टाकतो. आणि तो सापडतो कोणाला, तर ज्याला तो वापरावयाचा नाही त्यालाच. आमच्या पोरांना हे समजावून सांगावे लागले नाही.

आता मुद्द्यावर येतो. पहिला चित्रपट येऊन वीस वर्षे उलटून गेली. तेव्हा जी पोरे तो पाहून वेडी झाली, ती आज आपल्या पोरांना तो दाखवतात. त्यातला हॅरी झालेला मुलगा अकरा वर्षांचा असताना कॅमेऱ्यापुढे आला आणि काम संपले तेव्हा एकवीस वर्षांचा झाला होता. पाहणारेही त्याच्याबरोबरच वाढले. हे एक कारण खरेच आहे. पण लोक जे पहिले कारण देतात ते आम्हांला पटत नाही. लोक म्हणतात, जादूचे आकर्षण.

जादूची वाण आपल्याला कधी होती? बीड जिल्हा हा नाथांचा मुलूख. आष्टी तालुक्यात मच्छिंद्रनाथांचे मायंबा आहे, पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगड आहे. मालूकवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये, 'नवनाथ भक्तिसार' पुरे केले, आणि त्याचे चाळीस अध्याय आजही घरोघर वाचले जातात. मंत्र, विभूती, अस्त्रे, गुरूच्या हाताखाली शिकणारे जोगी, सारे त्यात आहे. ज्या पोराने आजीच्या मांडीवर ते ऐकले, त्याला उडत्या झाडूचे काय मोठेसे वाटणार? त्या रात्री झाडू उडाला तेव्हा पोरे हसली. ती गप्प झाली ती वेगळ्याच ठिकाणी.

हॅरीला आईबाप नाहीत. मावशीच्या घरात तो जिन्याखालच्या कपाटात झोपतो, मावसभावाचे जुने कपडे घालतो. एके दिवशी त्याला पत्र येते. पत्त्यात घराच्या क्रमांकाबरोबर 'जिन्याखालचे कपाट' असेही लिहिलेले असते. म्हणजे हा कुठे झोपतो ते कोणाला तरी ठाऊक आहे! मावशीचा नवरा पत्र काढून घेतो. दुसरे येते, दहा येतात. तो दाराची फट फळीने बंद करतो, तर चुलीच्या धुराड्यातून शेकड्यांनी पत्रे येऊन पडतात. घर सोडून तो समुद्रातल्या खडकावरच्या झोपडीत सर्वांना घेऊन जातो. तिथे मध्यरात्री एक राक्षसाएवढा माणूस दार पाडून आत येतो आणि पत्र पोराच्या हातात देतो. मजकूर इतकाच की, तुझे नाव आमच्या शाळेत आहे.

इथे पोरे गप्प झाली. आणि चौथीतली एक मुलगी, तिचे नाव आम्ही सांगत नाही, हळूच म्हणाली, "कोपीवर पत्र येतं का हो?"

शिक्षक उत्तर देईनात. आम्हांलाही ते देता येईना.

मग आम्हांला गोरक्षनाथांच्या जन्माची कथा आठवली. मच्छिंद्रांनी दिलेली विभूती त्या बाईने उकिरड्यात टाकली. बारा वर्षांनी ते परत आले, उकिरड्यापाशी उभे राहून त्यांनी हाक मारली, आणि आतून पोराने ओ दिली. बारा वर्षे उकिरड्यात पडलेल्या पोराला शोधीत गुरू येतो. विलायतेत तो जिन्याखालच्या कपाटापर्यंत येतो. माणसाला दोनशे वर्षे हीच गोष्ट ऐकावीशी वाटते, आणि पुढेही वाटेल.

आमचे स्वतःचे सांगतो. १९८० च्या सुमारास आम्ही चौथीत होतो. त्या वर्षी आईबापांबरोबर फडावर गेलो; धाकट्या भावाला सांभाळावयाचे आणि वाढे गोळा करावयाचे काम होते. चैत्रात परत आलो तेव्हा हजेरीपटातून नाव गेलेले होते. कोणी रागावले नाही, कोणी विचारलेही नाही. रागावले असते तर बरे वाटले असते. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या पोराला शोधून शाळेत आणणे ही सरकारची जबाबदारी ठरली. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धतही निघाली. ते दाखवले की जिथे टोळी उतरेल तिथल्या शाळेत मुलाला बसता यावे. कागदावर हे पत्रच आहे. फक्त ते पोराच्या हातात पडेपर्यंत दार पाडणारा माणूस लागतो.

दुसऱ्या चित्रपटात (२००२) डॉबी नावाचा घरगडी येतो, आणि तिथे मात्र आम्ही उठूनच बसलो. पगार नाही, सुट्टी नाही, अंगावर उशीचा अभ्रा. मालकाने अंगावरचे वस्त्र दिले तरच सुटका! हॅरी एका वहीत मोजा दडवतो, मालक ती वही रागाने गड्याच्या हाती कोंबतो, आणि गडी मोकळा होतो. पोरांनी टाळ्या पिटल्या. आम्ही मनात उचलीचा हिशेब करीत होतो. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ सालचा आहे, तरी उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जाणारे कोयते आम्ही दर साली पाहतो. मोज्याने भागले असते तर आम्ही ट्रकभर मोजे आणले असते.

पुस्तकात एक गोष्ट आहे, ती चित्रवाल्यांनी गाळली. चौथ्या भागात हर्मायनी नावाची मुलगी या घरगड्यांची संघटना काढते. सगळे तिला हसतात, आणि घरगडीच तिच्यावर रुसतात, आम्हांला मुक्ती नको म्हणतात! ज्याने युनियनची पहिली सभा घेतली आहे त्याला हे खरे वाटेल. "आमचा मुकादम लई चांगला हाय," हे वाक्य आम्ही शंभर वेळा ऐकले आहे. २००५ च्या चित्रपटात हे नाही, याबद्दल आमची तक्रार कायम आहे. पाचव्यात (२००७) तिची थोडी भरपाई होते. शाळेत नेमलेली सरकारी बाई मुलांना उपयोगाचे काही शिकवीत नाही, म्हणून मुले चोरून आपला वर्ग भरवतात, आणि मग मुलांच्या संघटनांवर बंदी येते. जमावबंदीच ती!

आमचे एक अंधश्रद्धा निर्मूलनवाले मित्र म्हणाले, महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला आणि तुम्ही पोरांना जादू काय दाखवता? त्यांना आम्ही सातवी कथा पाहावयास सांगितली. तिचा पूर्वार्ध २०१० साली आला. डॉबी मरतो तेव्हा हॅरी त्याची कबर जादूने खणीत नाही. तो फावडे हातात घेतो. ज्याने आपल्यासाठी जीव दिला त्याच्यासाठी घाम गाळावा, एवढे त्या पोराला कळते. मित्र पाहून आले आणि पुढे काही बोलले नाहीत.

त्या मुलीचे सांगावयाचे राहिले. पौषात तिची आई आजारी पडली आणि बाप येऊन तिला फडावर घेऊन गेला. आम्ही शिक्षकांकडून टोळीचा ठावठिकाणा घेतला आणि एक पोस्टकार्ड लिहिले. मजकूर दोन ओळींचा: तुझे नाव पटावर आहे, चैत्रात ये. पत्ता लिहिताना मात्र वेळ लागला. कारखान्याचे नाव, गाव, मुकादमाचे नाव, आणि खाली 'ओढ्याकाठच्या कोप्या, लिंबाखालची तिसरी कोपी'.

पट्टा पडला आणि टोळी परतली. मुलगी शाळेत आली तेव्हा कार्ड तिच्या दप्तरात होते, चार घड्या पडलेले. फडावर ते वीस दिवसांनी पोचले होते म्हणे. कडेच्या कोऱ्या जागेत तिने पेन्सिलीने भागाकाराची गणिते केली होती. दोन चुकली होती. ती शिक्षकांनी तिथेच बसवून दुरुस्त करून घेतली.