मोटारीचा ताप



वैशाखाच्या उन्हात घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी मोटार आपण सर्वांनीच पाहिली आहे. भोवती सल्ला देणारे चारजण जमतात आणि त्यांतला एक हमखास म्हणतो, "थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्या गरम देशात तो हवा कशाला?" या सल्ल्याविरुद्ध मला आज बोलायचे आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरचे दार. त्याच्या धातूच्या लहानशा डबीत मेण असते. पाणी सुमारे ८२ अंश सेल्सिअसला पोचले की मेण वितळून फुगते, दार उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. दारच काढले, तर इंजिन फार वेळ थंड राहते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते, तेल पातळ होते, झीज वाढते. पेट्रोलही अधिक लागते. शिवाय मूळ रोग तसाच राहतो. धरणाचे दार अडकले म्हणून कोणी ते उखडून टाकीत नाही!

मग काय करावे? वैद्य विचारतो तेच विचारावे : ताप केव्हा चढतो?

गर्दीत चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीला पंख्याचाच आधार. अँबॅसडरसारख्या गाडीत पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबावा; अर्ध्या इंचाहून फार दबला तर तो सैल आहे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये पंखा विजेचा. त्याच्या उष्णता-स्विचाच्या दोन्ही तारा काढून, किल्ली फिरवून, एकमेकींना जोडाव्या. पंखा फिरला तर दोष स्विचाचा. न फिरला तर फ्यूज, रिले, मोटर असे क्रमाने पाहावे.

ताप चढावर किंवा वेगात चढत असेल, तर पंख्याला दोष देऊ नये. काटा वर गेला तरी रेडिएटरची वरची नळी थंडच असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. नळी गरम असेल, तर रेडिएटर तुंबला आहे का ते पाहावे. आणि काटा वर चढतच नसेल, तर दार उघडेच अडकले आहे, किंवा कोणी तरी आधीच काढून टाकले आहे! खात्री घरीच करता येते. थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगावा, थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे आणि दार केव्हा उघडते ते पाहावे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सुटताच त्याची वाफ होऊन तोंडावर उसळते. अर्धा तास थांबावे. विजेचा पंखा काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही अचानक फिरू लागतो, म्हणून बोटे दूर ठेवावी.

थर्मोस्टॅटची किंमत किरकोळ असते. वाकलेल्या सिलिंडर-हेडची नसते. म्हणून रस्त्यावरच्या चौघांचा सल्ला जरूर ऐकावा, पण पान्याला हात घालण्यापूर्वी तो एक प्रश्न विचारावा. रोग ओळखल्यावाचून अवयव कापणे हे वैद्यकात जसे चालत नाही, तसे यंत्रातही चालू नये.